पैशाचं कार्ड, अर्ध्या आण्याचं पाकीट

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "सगळं ठीक आहे बाबा, टार्गेट होतंय" म्हणालास आणि लगेच आईला फोन द्यायला सांगितलंस. तुझा आवाज मी ओळखतो रे. त्या रात्री झोप लागेना, म्हणून माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला.

माझे पणजोबा गावोगाव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत फिरायचे, हे तू ऐकलं आहेस. किर्लोस्करवाडी वसली १९१० साली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही पत्रं. मुक्काम कधी कुर्डुवाडी, कधी बार्शी, कधी पंढरपूर. बार्शी लाइटची ती अडीच फुटी रुळांवरची गाडी जिथे नेईल तिथे ते जायचे.

कार्डं सगळी त्यांच्या वडिलांच्या नावे. एका पैशाचं कार्ड, उघडंच. पोस्टमनपासून कुणीही वाचावं. मजकूर मोडी लिपीत, जांभळ्या शाईपेन्सिलीचा. साष्टांग नमस्कार, मग वसुली, प्रवासखर्च, शेवटी "घरी सर्वांस यथायोग्य". पणजीचा उल्लेखसुद्धा नाही. एकत्र कुटुंबात बायकोला वेगळं पत्र घालायची सोय कुठली?

पणजी शाळेत फक्त बालबोध, म्हणजे आपली देवनागरी, शिकलेली, मोडी तिला यायची नाही. आणि १९१२ च्या दिवाळीपासून कार्डाच्या तळाशी दोन ओळी बालबोधीत दिसू लागतात. "बाळास दात आले काय? दृष्ट काढीत जावी." हे बाळ म्हणजे माझे आजोबा. वडील मोडीही वाचायचे आणि बालबोधही, त्यांच्यासाठी लिपी बदलायचं काही कारण नव्हतं. त्या दोन ओळींमुळे कार्ड स्वयंपाकघरात तिच्या हाती जात असणार. मी किती वेळा ही कार्डं चाळली, पण हे या खेपेला ध्यानात आलं.

डब्यात पाकीट एकच आहे, अर्ध्या आण्याचं. त्याच तारखेचं बार्शीहून टाकलेलं कार्डही आहे. कार्डात वडिलांना लिहिलंय, "काम ठीक चालले आहे, काळजी नसावी." आणि पाकिटात तिला:

"अठरा दिवसांत एकही नांगर खपला नाही. लोखंडाने जमीन नासते म्हणतात. आज एका शेतात मीच नांगर धरला. चार बैलजोड्या लागल्या. हरळीच्या मुळ्या हातहात वर आल्या. मालकाने त्या उचलून पाहिल्या, पण नांगर घेतला नाही. रात्री झोप येत नाही. बाबांस सांगू नये."

कागद घडीवर चिरला आहे. कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलं आहे. किती वेळा उघडला असेल तिने!

बाळा, आम्हाला तू कार्डच पाठव, आम्ही त्यात समाधानी आहोत. पण सूनबाई काल तुझ्या आईला विचारत होती, "आई, याचं ऑफिसात काही बिनसलंय का? मला तर ठीक आहे म्हणतो." तिच्या वाट्यालाही कार्डच यावं, हे मला सहन होत नाही. आज लॉजवर पोचलास की तिला फोन कर आणि अठरा दिवसांचं काय असेल ते सांग. आम्हाला नाही कळलं तरी चालेल.

पाकीट पोस्टाने पाठवायचा धीर होत नाही. येत्या रविवारी दोघं या. त्यानंतरचं कार्ड मोडीत आहे, ते वाचायला दिलंय. तोवर तेही लागून येईल.

तुझा,
बाबा