इंच मोठे, पिक्सेल थोडे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून लागला की आपल्या पेपरात लॅपटॉपच्या पानभर जाहिराती येतात, स्क्रीन किती इंची ते हे एवढं ठळक आणि बाकीचं सगळं मुंगीच्या अक्षरात, ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी सांगलीत चार-पाच दुकानांची अकाउंट्स बघतो. चार वर्षांपूर्वी १७.३ इंची लॅपटॉप घेतला, चाळीस हजाराच्या आत बसणारा. चष्मा लागून जमाना झाला, १४ इंचावर टॅलीचे आकडे बघून संध्याकाळी डोकं ठणकायचं, त्यामुळे दुकानात तो भला थोरला स्क्रीन बघितला आणि पाघळलोच. सेल्समन म्हणाला फुल एचडी आहे साहेब. घरी येऊन सेटिंगमध्ये बघतो तर १६०० बाय ९००! म्हणजे साधारण साडेचौदा लाख ठिपके (पिक्सेल म्हणतात ते हेच), आणि फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, पावणेएकवीस लाखाच्या आसपास. १५.६ इंचीमध्ये तर स्वस्तातल्या कित्येक मॉडेल्सना १३६६ बाय ७६८ असायचं, ते तर जेमतेम साडेदहा लाख. इंच वाढले म्हणून ठिपके वाढत नाहीत, तेच ठिपके ताणून बसवतात, हे मला बिल फाडल्यावर कळलं.

आता गंमत अशी की माझ्यासारख्याला त्याचा फायदाही झाला. ठिपके मोठे म्हणून अक्षरं आपोआप मोठी, झूम करायची गरज नाही, आकडे लांबून दिसतात. पण मराठी वाचायला घेतलं की पंचाईत, बारीक अक्षरात ष्ट आणि ष्ठ सारखेच दिसतात, नाव बरोबर टाइप झालंय का बघायला मान पुढे काढून बसायचं.

खरा त्रास दिला तो पॅनेलने, म्हणजे चित्र उमटतं त्या पडद्याच्या जातीने. माझं टीएन जातीचं स्वस्त पॅनेल, समोरून ठीक, जरा वरखाली झालं की रंगच बदलतात. मी बाकी असलेल्या एंट्रीला फिकट पिवळा रंग देतो, तर शेजारी उभा राहून बघणाऱ्या दुकानदाराला तो दिसतच नाही, तो म्हणतो पिवळं कुठाय, मी म्हणतो हे काय. मग दोघं मिळून स्क्रीन मागेपुढे करत बसतो. गॅलरीत उजेडात बसलं तर स्वतःचंच तोंड दिसतं. आयपीएस पॅनेल (त्यात बाजूने बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत) आहे का एवढं एक विचारलं असतं तर रंगांच्या त्रासातून तरी वाचलो असतो.

नमपॅडसाठी, म्हणजे कीबोर्डाच्या उजवीकडच्या आकड्यांच्या वेगळ्या बटणांसाठी मात्र मी हा लॅपटॉप कधीच सोडणार नाही. दिवसाला दोन-तीनशे व्हाउचर टाकणाऱ्या माणसाला विचारा, वरच्या ओळीतले आकडे शोधणं म्हणजे काय असतं ते. त्या नमपॅडमुळे टचपॅड डावीकडे सरकलाय आणि बसताना जरा वाकडं बसावं लागतं, पण चालतंय. आणि अंग मोठं असल्यामुळे आत जागा होती, हार्ड डिस्क काढून तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान अशी एसएसडी टाकता आली. आधी सकाळी बटण दाबून चहा पिऊन यायचो, तरी डिस्क शंभर टक्के कामात अडकलेलीच, आता बसेपर्यंत चालू. रॅमचं बघून घ्या हो पण, स्वस्तात ४ जीबी देतात आणि काहींमध्ये ती बोर्डावरच चिकटवलेली असते, नंतर वाढवायचा मार्गच नाही. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे खरी, पण किमान म्हणजे नुसतं चालू होतं, ब्राउझर उघडला की रडायला लागतं. जुना मोठ्या स्क्रीनचा सेकंडहँड घेणाऱ्यांनी हेही बघावं की विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय आणि ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते.

वजन अडीच किलोच्या जवळ, चार्जर धरून तीन. एसटीने मिरज-जत एकदा नेला, परत नेला नाही. बॅटरी नवीन असताना तीन तास, आता लाइट गेली की तासाभरात गडबड सुरू. म्हणून मी त्याला लॅपटॉप म्हणतच नाही, टेबलावरचा कॉम्प्युटर आहे तो, कधीतरी उचलता येणारा. तसा समजून घेतला तर पैसे वसूल आहेत.

आपल्याला एवढीच विनंती, जाहिरात घेताना इंचाशेजारी ठिपके किती आणि पॅनेल कुठलं ते तेवढ्याच मोठ्या टाइपात छापायला सांगा ना त्यांना.

मुलीला यंदा पुण्याला इंजिनिअरिंगला जायचंय. मी १४ इंची बघ म्हणतोय, तिला मोठाच पाहिजे, पिक्चर बघायला असणार. मोठ्यावर बॅग फुकट आहे म्हणे. माझ्यावरही होती फुकट, १५.६ ची, चेन अजून लागलेली नाही.

आपला,
एक जुना वाचक, सांगली