समुद्रतळाची मोजणी

अंबाजोगाई,
२२ जून

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

महायुद्धात बुडालेले जहाज एवढ्या समुद्रात सापडते तरी कसे, असे तू परवा विचारलेस आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. समुद्रतळ मोजणाऱ्या जहाजावरच्या कामावरून मी सुट्टीवर आहे, रानात पेरणी चालू आहे, आणि बांधावर बसूनच तुला उत्तर लिहितो आहे.

'गैरसोप्पा' या आगबोटीचेच घे. तिचे नाव आपल्या ओळखीच्या गिरसप्प्यावरून ठेवलेले. डिसेंबर १९४० मध्ये ती कोलकत्याहून चांदी, बिडाचे लोखंड आणि चहा घेऊन निघाली. वाटेत कोळसा पुरेना, म्हणून ताफा सोडून आयर्लंडच्या गॉलवे बंदराकडे वळली आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मन पाणबुडी यू-१०१ च्या टॉर्पेडोने बुडाली. तिच्यावर आपल्याकडचे लस्कर, म्हणजे खलाशी, पुष्कळ होते. होडीतून १३ दिवसांनी किनाऱ्याला लागून वाचला तो एकटा सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स.

असा शोध आधी दप्तरातच लागतो. पाणबुडीच्या नोंदवहीत जागा लिहिलेली असते, पण जर्मन नौदल समुद्राचे चौकोन पाडून नोंद करी आणि सर्वांत लहान चौकोनाची बाजूसुद्धा ६ सागरी मैलांची असे. त्यातून आभाळ भरलेले असले तर तारे दिसत नाहीत, त्यांच्यावरून जागा काढता येत नाही, आणि मग तोही चौकोन अंदाजाचाच. सातबाऱ्यावर गट नंबर आहे पण चतुःसीमा नाहीत, अशातला हा प्रकार.

मग आम्ही तिफण धरतो. साइड स्कॅन सोनारचे, म्हणजे दोन्ही बाजूंना आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळाचे चित्र काढणारे यंत्र, ज्याला आम्ही 'फिश' म्हणतो, तळाच्या थोडे वर राहील असे लांब केबलने ओढायचे आणि पेरणीसारखे तासाला तास, म्हणजे ओळीला ओळ, लावून सगळा टापू पालथा घालायचा. तास सुटला की तेवढे रान पडीक राहते, आणि जहाज नेमके तिथेच निघाले तर सगळा हंगाम वाया, म्हणून शेजारचे तास एकमेकांवर थोडे चढवूनच घेतो. 'गैरसोप्पा' सुमारे ४,७०० मीटर खोल आहे. कळसूबाईवर कळसूबाई अशा तीन रचल्या तर वरच्या शिखराचे टोक तेवढे पाण्याबाहेर राहील. एवढ्या खोलीवर केबल कित्येक किलोमीटर सोडावी लागते, आणि धुऱ्यावरून औत वळवायला जिथे तुला दोन मिनिटे लागतात, तिथे आम्हाला काही तास लागतात.

पडद्यावर जहाज दिसत नाही, दिसतो एक ठळक डाग आणि त्याच्या पाठीमागे पडलेली सावली. शाळेत काठीच्या सावलीवरून आपण वडाची उंची काढली होती, तसाच हिशेब करून तळापासून ती वस्तू किती उंच उभी आहे हे ठरते. मात्र डाग सापडणे निराळे आणि ओळख पटणे निराळे, हे मी स्वतः फजिती होऊन शिकलो. एकदा लांबी जुळली, सावली जुळली, आम्ही चहाबरोबर पेढे वाटले, आणि कॅमेरा खाली गेला तर समोर सरळसोट खडक! तेव्हापासून कॅमेऱ्याने पाहिल्याशिवाय मी कोणाचे अभिनंदन करत नाही आणि स्वीकारतही नाही.

'गैरसोप्पा' २०११ मध्ये सापडली. दूरनियंत्रित यंत्र तिच्यापर्यंत उतरवल्यावर मालाच्या कप्प्यांची संख्या, टॉर्पेडोने पाडलेले भगदाड, कंपनीचा लाल-काळा रंग असे एकेक जुळवून पाहिले, तेव्हा नाव निश्चित झाले. पुढच्या दोन वर्षांत चांदीच्या २,७९२ विटा वर आल्या. मला मात्र कौतुक वाटते ते टपालाचे. हिंदुस्थानातून घरी लिहिलेली ७०० हून अधिक पत्रे थैल्यांच्या ढिगाखाली, उजेड आणि प्राणवायू न लागता, सत्तर वर्षे वाचण्याजोगी राहिली. विटांचा हिशेब लगेच लागला. पत्रांचा कागद सुटा करून वाळवायला मात्र फार जपावे लागले.

रविवारी नांदेडला येतो आहे. लॅपटॉपवर त्या खडकाचे चित्र आहे, ते दाखवीन. ते जहाजासारखे दिसते की नाही, हे तूच सांग.

तुझा,
विलास