सहसंबंध म्हणजे कारण नव्हे

मा. संपादक,
महोदय,

मोबाईल अधिक वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना गुण कमी मिळतात, म्हणजे मोबाईलमुळेच गुण घसरतात, अशा आशयाच्या बातम्या वारंवार वाचायला मिळतात. दोन गोष्टींचे प्रमाण एकमेकांसोबत बदलते, एवढेच सहसंबंध सांगतो. आमच्या भागात कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडील दिवसभर शेतात असतात. अशा वेळी मुलांच्या हाती मोबाईल राहणे आणि अभ्यास मागे पडणे, या दोहोंमागे तेच एक कारण असू शकते. मोबाईलवरच ठपका ठेवायचा, तर विद्यार्थ्यांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, प्रायोगिक (ज्यात बदल करायचा तो) आणि नियंत्रित (ज्यात काहीच बदलायचे नाही तो) अशा गटांत विभागणी करून, केवळ एका घटकात बदल घडवून परिणाम मोजावा लागेल. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली, तेव्हापासून ही शिस्त घडत आली आहे.

शेतकऱ्यांच्या मानसिक ताणाविषयीच्या सर्वेक्षणांचे तर विचारूच नये. ‘कर्जामुळे झोप लागत नाही ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच दडलेले असते. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात झोप कशी लागली?’ असे विचारता येते. शिवाय दुपारी पारावर भेटलेल्या पुरुषांनाच प्रश्न विचारले, तर निंदणाला गेलेल्या स्त्रिया नमुन्यातून, म्हणजे प्रश्न विचारण्यासाठी निवडलेल्या लोकांतून, आपोआप वगळल्या जातात, आणि चारचौघांत विचारल्यास माणूस लोकांना रुचेल तेच सांगतो.

तरी सर्वेक्षणाची बातमी देताना किती जणांना, कसे निवडून आणि नेमके काय विचारले, हे आपण छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ