मराठी माध्यमाची मुले, क्लॅट आणि तीन हजार शब्दांची यादी

महोदय,

क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेच्या, तयारीला लागलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांकडे एक झेरॉक्स हमखास सापडते. इंग्रजीतले तीन हजार ‘महत्त्वाचे’ शब्द, ए पासून झेडपर्यंत, प्रत्येक शब्दापुढे एक रेघ आणि रेघेपुढे एक मराठी शब्द. पहिली चार-पाच पाने हायलायटरने पिवळी झालेली असतात, पुढची कोरी. यात मुलांच्या कष्टाची कसूर नाही. ज्या परीक्षेसाठी अशा याद्या निघाल्या ती परीक्षाच आता उरलेली नाही, हे त्यांना कोणी नीट सांगत नाही.

२०१९ पर्यंत क्लॅटमध्ये समानार्थी शब्द, वाक्प्रचार, परभाषेतले शब्दप्रयोग सुटे विचारले जात. २०२० पासून इंग्रजीचा विभाग उताऱ्यांवर आला. साधारण ४५० शब्दांचा उतारा, त्याखाली प्रश्न, आणि शब्दाचा अर्थ विचारलाच तर ‘या उताऱ्यात’ तो काय, असा. आता १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, त्यात इंग्रजीचे २२ ते २६. पण कायदा, चालू घडामोडी आणि तर्क हे विभागही उताऱ्यांवरच चालतात. म्हणजे शब्दसंग्रह कच्चा असेल तर फटका चोवीस-पंचवीस गुणांपुरता राहत नाही, सगळ्या पेपरला बसतो.

यादीतली मोठी खोट तिच्या मराठीत आहे. अबेट, अलीव्हिएट, अस्वेज, मिटिगेट, प्लॅकेट हे पाच शब्द घ्या. बहुतेक याद्यांत पाचांपुढे ‘कमी करणे’ किंवा ‘शांत करणे’ एवढेच असते. मग मुले ‘मिटिगेट द प्राइस’ असे लिहितात आणि ते का चुकले हे त्यांना उमगत नाही. वास्तविक मराठीत या पाचांना पाच वेगळी क्रियापदे आहेत. वादळ ओसरते, ते अबेट. दुखणे हलके करतो, ते अलीव्हिएट. मनाची टोचणी शमवतो, ते अस्वेज. रुसलेल्याची समजूत काढतो, ते प्लॅकेट. आणि संकट टळणार नाही, पण त्याची झळ कमी बसावी अशी तजवीज करतो, ते मिटिगेट. घरी बोलताना कोणीही वादळाची समजूत काढत नाही. हा विवेक मुलांकडे आधीच आहे, यादीने तो पुसून टाकला.

छटांचेही तसेच. फ्रुगल म्हणजे काटकसरी, पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू. दोघेही पैसे कमी खर्च करतात, पण एकाचे कौतुक होते आणि दुसऱ्याला नावे ठेवली जातात. ‘लेखकाचा सूर कोणता?’ हा प्रश्न नेमका इथे अडवतो. नोटोरियसपुढे ‘प्रसिद्ध’ लिहिलेले वाचून गेलेला मुलगा लेखकाची टीका कौतुक समजून उत्तर देतो. तिथे ‘कुख्यात’ हवे. मराठी माध्यमातून शिकणे ही उणीव मानली जाते, ते मला मान्य नाही. उणीव आहे ती वहीत ढिसाळ मराठी लिहिण्याची.

अवघड दिसणाऱ्या शब्दांपेक्षा ओळखीचे शब्द जास्त फसवतात. ‘हिज सपोर्ट वॉज क्वालिफाइड’ या वाक्यात क्वालिफाइडचा अर्थ ‘पात्र’ नाही, ‘अटी घालून दिलेला’ असा आहे. ‘टेंपर जस्टिस विथ मर्सी’ यात टेंपर म्हणजे राग नव्हे, न्यायाची धार दयेने सौम्य करणे. चेक म्हणजे रोखणे, चॅम्पियन म्हणजे एखाद्या मताचा हिरिरीने पुरस्कार करणे, नॉव्हेल म्हणजे अपूर्व, वेदर म्हणजे संकटातून तगून निघणे, फ्लॅग म्हणजे उत्साह मंदावणे. सँक्शन म्हणजे मंजुरी, आणि एखाद्या देशावर लादले की तेच निर्बंध. ओव्हरसाइट म्हणजे देखरेख, आणि नजरचूकसुद्धा. आपण मराठीत वापरतो ते इंग्रजी शब्दही तपासून घ्यावेत. आपल्याकडे ‘सिन्सिअर मुलगा’ म्हणजे मन लावून अभ्यास करणारा. इंग्रजी उताऱ्यात सिन्सिअर म्हणजे मनापासूनचा, दिखावा नसलेला. अशा दुहेरी शब्दांसाठी वहीची शेवटची दहा पाने वेगळी ठेवावीत.

मग सुरुवात कुठून करावी? न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात एव्हरिल कॉक्सहेड यांनी तयार केलेली ‘अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट’ २००० साली प्रसिद्ध झाली. तीत ५७० शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे मिळून एक कूळ) आहेत आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. अनेक विषयांच्या विद्यापीठीय लेखनात जे शब्द पुन्हा पुन्हा येतात तेच तीत घेतले आहेत. शिवाय ती वर्णानुक्रमाने लावलेली नसून वारंवारतेनुसार दहा गटांत विभागली आहे, त्यामुळे ए-बी-सीतच अडकून पडण्याचा धोका नाही. कॉन्स्टिट्यूट, लेजिस्लेट, प्रिझ्यूम, आर्बिट्ररी, इन्हेरंट, नॉटविथस्टँडिंग हे शब्द तीत आहेत, आणि कायद्याच्या उताऱ्यात यांच्यावाचून पान हलत नाही. मात्र इंग्रजीतले नित्याचे दोन हजार शब्द येतात असे ती गृहीत धरते. ते कच्चे असतील तर पहिला महिना त्यांना द्यावा, त्यात कमीपणा नाही.

रोज सहा नवे शब्द, आठवड्याचे सहा दिवस. सातव्या दिवशी नवे काही नाही. जूनपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चोवीस आठवडे मिळतात, म्हणजे ८६४ शब्द. ५७० त्या यादीतले, उरलेले तीनशेच्या आसपास स्वतःच्या वाचनात अडलेले. क्लॅट गेली काही वर्षे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, तेव्हा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत फक्त उजळणी करावी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवून दिले की पाठ केलेले पहिल्या एक-दोन दिवसांतच सर्वांत वेगाने विसरते. म्हणून शब्द शिकल्यानंतर १, ३, ७, १५ आणि ३० व्या दिवशी तो पुन्हा समोर यायला हवा. हिशेब केला तर कोणत्याही दिवशी जास्तीत जास्त तीस जुने आणि सहा नवे शब्द होतात. वीस-पंचवीस मिनिटांचे काम आहे. जो शब्द चुकला तो पुन्हा पहिल्या दिवसावर न्यायचा, ‘जवळपास बरोबर होते’ म्हणून पुढे ढकलायचा नाही.

शब्द वहीत उतरवण्यापेक्षा पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या कार्डावर लिहावा. मिटिगेटचेच कार्ड पाहा. पुढच्या बाजूला शब्द लिहायचा नाही, गाळलेल्या जागेचे वाक्य लिहायचे : न्यायालयाने मुलाचे वय हा ‘______ फॅक्टर’ मानला. मागे उत्तर, ‘मिटिगेटिंग’. त्याखाली अचूक मराठी, ‘तीव्रता कमी करणारा, झळ सौम्य करणारा’. मग हा शब्द कोणाबरोबर नांदतो ते : रिस्क, डॅमेज, इम्पॅक्ट. मग विरुद्धार्थी, अ‍ॅग्रव्हेट. शेवटी ज्याच्याशी घोटाळा होतो तो शब्द, मिलिटेट, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आड येणे. पाच ओळी झाल्या. नुसता शब्द आणि अर्थ लिहिलेले कार्ड आठवण तपासते, वाक्याचे कार्ड वापर तपासते, आणि परीक्षेत वापरच लागतो. वाक्य शब्दकोशातून घ्यावे, तेही लर्नर्स डिक्शनरीतून, म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी केलेल्या शब्दकोशातून. तिच्यातल्या व्याख्या मोजक्या दोन-तीन हजार सोप्या शब्दांत लिहिलेल्या असतात, त्यामुळे एक शब्द पाहायला गेलो आणि आणखी चार अडले असे होत नाही.

संस्कृत-मराठीचा एक मोठा आधार आपण वापरतच नाही. इंग्रजीतले बरेच जड शब्द ज्या ग्रीक आणि लॅटिनमधून आले त्या भाषा आणि संस्कृत एकाच कुळातल्या आहेत. ‘ज्ञा’ धातूचे भाऊबंद कॉग्निशन, अ‍ॅग्नॉस्टिक, इग्नोरन्स यांत दिसतात. ‘मृ’चे मॉर्टल आणि मॉरिबंडमध्ये, ‘स्था’चे स्टेबल आणि स्टेटसमध्ये, ‘सद्’ म्हणजे बसणे याचे सेडेंटरी आणि सेडिमेंटमध्ये, ‘वच्’चे व्होकल आणि इक्विव्होकलमध्ये. उपसर्गांत ‘परि’ आणि पेरी, ‘दुस्’ आणि डिस् (डिस्पेप्सिया म्हणजे अपचन, त्यातला), ‘अंतर्’ आणि इंटर ही जोडपी आहेत. दहावीला संस्कृत घेतलेल्या मुलाला हे एकदा दाखवले की तो स्वतःहून पुढचे शोधू लागतो.

पण मुळावरून अर्थाचा अंदाज बांधावा, निकाल देऊ नये. पेडेस्ट्रियनमध्ये ‘पद’ आहे, पेडिएट्रिशियनमध्ये नाही. तिथे मूल या अर्थाचा वेगळा ग्रीक शब्द आहे. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे, अमोल. इनफ्लेमेबल म्हणजे सहज पेट घेणारे, कारण त्यातला ‘इन’ नकाराचा नाही. अंदाज बांधल्यावर तो वाक्यात बसवून पाहायचा, बसला नाही तर सोडून द्यायचा.

वाचनाबद्दल एकच मोजमाप सांगतो. पानावर पन्नास शब्दांमागे एकापेक्षा जास्त शब्द अडत असतील तर तो मजकूर अजून झेपणारा नाही, त्याहून सोपा घ्यावा. इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख पहिल्याच आठवड्यात हातात देऊन मुलांना घाबरवण्यात अर्थ नाही. आधी बातम्या, मग स्तंभलेख, आणि अग्रलेख साधारण तिसऱ्या महिन्यात. पहिल्या वाचनात शब्दकोश उघडायचा नाही, फक्त पेन्सिलीने खूण करायची. दुसऱ्या वाचनात प्रत्येक खुणेपाशी आपला अंदाज समासात मराठीत लिहायचा. त्यानंतरच शब्दकोश. अंदाज चुकलेला शब्द जास्त पक्का बसतो, म्हणून ही पायरी गाळू नये.

परीक्षेतही हेच कामाला येते. शब्दावर प्रश्न आला की पर्याय हाताने झाकावेत, उताऱ्यातल्या वाक्यात त्या जागी आपला मराठी शब्द घालावा आणि मग पर्याय पाहावेत. आधी पर्याय वाचले की ओळखीचा अर्थ डोळ्यांत भरतो आणि क्वालिफाइडचे ‘पात्र’ होते. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. चारातले दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर उरलेल्या दोनांतून निवडणे सरासरीने फायद्याचे आहे : बरोबरचा एक गुण वजा चुकीचा पाव, म्हणजे पाऊण, आणि शक्यता निम्मी म्हणून त्याचा निम्मा, म्हणजे ०.३७५. एकही पर्याय बाद होत नसेल तर हातात जवळजवळ काहीच पडत नाही, तो वेळ दुसऱ्या उताऱ्याला द्यावा.

क्लॅटमधून प्रवेश देणारी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आपल्याच राज्यात आहेत : मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे. तालुक्याच्या गावातल्या मुलांना तिथे पोहोचायला महागडा क्लास लागतोच असे नाही. कनिष्ठ महाविद्यालयांनी दोन लर्नर्स डिक्शनऱ्या कपाटाच्या कुलपातून काढून वाचनालयाच्या टेबलावर ठेवाव्यात, एका इंग्रजी दैनिकाची वर्गणी भरावी आणि अकरावीपासून आठवड्यात दोन तासिका या वाचनाला द्याव्यात. इंग्रजी आणि मराठीच्या शिक्षकांनी त्या तासिका मिळून घ्याव्यात, कारण ‘अस्वेज’ला ‘शमवणे’ हा शब्द सुचवण्याचे काम मराठीच्या शिक्षकांइतके चांगले कोणालाच जमणार नाही.

– एक इंग्रजी अध्यापक, सांगली