युरोपात ख्रिस्ती धर्म केवळ तलवारीने पसरला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपात ख्रिस्ती धर्म कसा पसरला, या प्रश्नाला "राजांनी तलवारीच्या बळावर पसरवला" असे एका वाक्यातले उत्तर आपल्याकडे व्याख्यानांतून आणि लेखांतून सर्रास दिले जाते. इतिहास शिकवण्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला ते मान्य होत नाही, कारण इ. स. ३१३ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात उघडपणे उपासना करण्याची मोकळीक मिळेपर्यंत या धर्माच्या हाती ना तलवार होती, ना सिंहासन. उलट छळच अधूनमधून वाट्याला येत होता.

तो आधी पसरला व्यापाराच्या वाटांनी. आमच्या जिल्ह्यातले तेर म्हणजे जुने तगर. तेथून आणि पैठणहून गाड्या भरून माल भडोचच्या बंदरात आणि तेथून रोमन साम्राज्याकडे जात असे, अशी नोंद पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आहे. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पॉल ज्या गावांत फिरला ती करिंथ, इफिसस, थेस्सलनीका ही याच रोमन व्यापाराच्या जाळ्यातली शहरे होत, आणि फिलिप्पी येथे त्याचे म्हणणे स्वीकारणारी लुदिया ही किमती जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी बाई होती.

परंतु वाटेने माणूस येतो, तो टिकतो मात्र आपुलकीने. तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात भीषण साथ पसरली, तेव्हा अनेकांनी आजारी नातलगांनाही रस्त्यावर टाकले. ख्रिस्ती मंडळी मात्र रुग्णांना पाणी पाजत, त्यांची शुश्रूषा करत आणि त्यात स्वतःही मरत, असे अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याच्या पत्रात वाचायला मिळते. तो स्वपक्षाचा साक्षीदार आहे, हे खरे. पण विरोधकाची साक्षही तशीच आहे. जुन्या देवतांची उपासना पुन्हा उभी करू पाहणारा सम्राट ज्युलियन चौथ्या शतकात गॅलेशियातील (आजच्या तुर्कस्तानातील) पुजाऱ्याला लिहितो, की हे लोक स्वतःच्या गरिबांसोबत आमचेही गरीब पोसतात, ही आपल्याला लाज आहे. आणि मग प्रत्येक शहरात धर्मशाळा काढण्याचा, तेथे धान्य व मद्य पुरवण्याचा हुकूम देतो. रोममधील ख्रिस्ती मंडळी (चर्च) २५१ च्या सुमारास दीड हजारांहून अधिक विधवांना आणि निराधारांना सांभाळत होती. बहात्तरच्या दुष्काळात सुकडीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मराठवाड्याला, अशा आधाराची किंमत काय असते हे सांगावे लागू नये.

राजे नंतर आले. ३८० मध्ये रोमन सम्राट थिओडोसियसने हा धर्म साम्राज्याचा ठरवला. पुढे हा धर्म स्वीकारणारे, आजच्या फ्रान्स भागातील फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस आणि इंग्लंडातील केंटचा राजा एथेलबर्ट, यांच्या घरात राण्या आधीपासूनच ख्रिस्ती होत्या, हा भाग आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. पोप ग्रेगरीने ६०१ मध्ये इंग्लंडातील धर्मप्रचारकांना कळवले, की मूर्ती काढाव्यात पण देवळे पाडू नयेत, आणि लोकांच्या बैल कापून जेवण्याच्या प्रथेला संतांच्या सणाचे निमित्त द्यावे.

तलवार होतीच, आणि ती झाकण्याचे कारण नाही. फ्रँक राजा शार्लमेनने ७८२ मध्ये आजच्या उत्तर जर्मनीतील व्हर्डेन येथे तिथल्या साडेचार हजार सॅक्सन लोकांचा शिरच्छेद करविल्याचे तत्कालीन नोंदी सांगतात, आणि त्याच्या कायद्यात बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मदीक्षा) नाकारणाऱ्यास देहदंड होता. त्याच्याच दरबारातील विद्वान अल्क्विन याने, बाप्तिस्मा लादता येईल पण श्रद्धा लादता येणार नाही, असा निषेध नोंदवला, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. याउलट आइसलँडने सन १००० च्या सुमारास लोकसभेत वाटाघाटी करून धर्म बदलला आणि घोड्याचे मांस खाण्याची व खासगीत जुन्या देवांना बळी देण्याची मुभा काही काळ राखली.

आपल्या पुरवणीत या विषयावर लेख आल्यास सॅक्सनी आणि आइसलँड एकाच वाक्यात बसवू नयेत, आणि राजाश्रय मिळण्याआधीच्या पहिल्या तीन शतकांना निदान अर्धी जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक, धाराशिव