पाटीवर वाघाचं वजन लिहिलंय, पण तो इथे आला कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात झेब्रा येणार, अजून कुठला कुठला परदेशी प्राणी येणार अशा बातम्या गेली काही वर्षं अधूनमधून वाचायला मिळतात आणि दरवेळी बातमीचा सूर असा की जणू पुण्यात नवीन मॉलच उघडतोय, पुणेकरांना पर्वणी वगैरे. झेब्र्याला ती पर्वणी आहे का हे कोणी विचारत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण जुन्नरच्या बिबट्यांचा भाग तेवढा ठेवा.

आधीच सांगते, मी झू बंद करा म्हणणाऱ्यांतली नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा वाद दर सुट्टीत होतो, एक पार्टी म्हणते जनावरांचा तुरुंग आहे, तिकीट काढून जाणं हेच पाप, दुसरी पार्टी म्हणते मग पोरांना वाघ काय यूट्यूबवर दाखवायचा का, आणि शेवटी कोणीतरी पाणीपट्टीचा विषय काढतं आणि ते तिथेच राहतं. मला दोन्ही बाजूंचं पटत नाही कारण दोघंही झू म्हणजे एकच एक वस्तू समजून भांडतात. प्राण्याला कोंडून ठेवणं योग्य की अयोग्य याचं उत्तर प्रत्येक पिंजऱ्यापाशी वेगळं येतं असं माझं मत आहे. एका खंदकात बिबट्या पडलेला असतो आणि दुसऱ्यात पांढरा वाघ पडलेला असतो, बघणाऱ्याला दोघं सारखेच, खाऊन झोपलेले, पण एकाला तिथे ठेवणं आपल्यावर आलेली जबाबदारी असू शकते आणि दुसऱ्याला ठेवणं ही निव्वळ आपली हौस. आणि बाहेरच्या पाटीवर यातलं अक्षर नसतं. शास्त्रीय नाव, वजन, आहार, गर्भकाळ, आयुर्मान सगळं असतं, पण हा जो समोर आहे तो कुठून आला, जंगलात का नाही, परत जाऊ शकतो का, हे काहीच नाही.

आता जुन्नर. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात बिबट्या उसात राहतो हे आता शेंबड्या पोरालाही माहितीये. उसातच त्याची पिल्लं होतात, तोड सुरू झाली की सापडतात, वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातली माणसं ती पिल्लं रात्री पुन्हा आईपाशी नेऊन ठेवायची धडपड करतात. पण प्रत्येक बिबट्याची गोष्ट इतकी सरळ होत नाही. काही माणसावर हल्ला केलेले, काही गाडीखाली येऊन लंगडे झालेले, काही लहानपणापासून माणसाच्या हातचं खाऊन वाढलेले. त्यांचं करायचं काय? पकडून लांबच्या जंगलात सोडा म्हणणं सोपं आहे, आणि २००० नंतरच्या दोनतीन वर्षांत तसं भरपूर करूनही झालंय. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तर दिसलं की जिथे नेऊन सोडले तिथे माणसांवरचे हल्ले उलट वाढले. म्हणजे एका गावचं दुखणं दुसऱ्या गावाच्या गळ्यात. २०२५ च्या शेवटी शिरूर तालुक्यात पिंपरखेडला काय झालं ते तुमच्याच पेपरात वाचलंय, माणसं गेली, लहान मुलं गेली, लोक रस्त्यावर उतरले, बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या आईला पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून प्राण्यांचे हक्क समजावून सांगायची माझी तरी हिंमत नाही.

अशा बिबट्यापुढे रस्ते तीनच उरतात, गोळी, दुसऱ्याचं गाव किंवा पिंजरा. यातला पिंजरा मला अनैतिक वाटत नाही. वाईट वाटतो, पण अनैतिक नाही. आणि गंमत बघा, माणिकडोहला जागा कमी पडते म्हणून बिबटे गुजरातला वनतारा या खाजगी प्राणी केंद्रात पाठवायची चर्चा चालते, आणि त्याच जिल्ह्यात कात्रजला आपण झेब्र्यासाठी जागा काढायचं म्हणतो. पुणे जिल्ह्यातल्या जनावराला पुणे जिल्ह्यात जागा नाही.

पांढऱ्या वाघाचं मात्र मला कोणी समजावून सांगावं. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचं पांढरं पिल्लू पकडलं, त्याच्यापासून नेहमीच्या वाघिणीला झालेली पिल्लं पिवळीच निघाली, मग मोहनला त्याच्याच मुलीबरोबर ठेवलं तेव्हा कुठे १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली. आज आपल्याकडच्या झूंमधले बरेच पांढरे वाघ त्या एका घराण्यातले, नात्यातल्या नात्यात जुळवलेले, म्हणून तर तिरळे डोळे आणि इतर व्यंगं त्यांच्यात फार. ही वेगळी जात नाही, नेहमीचाच वाघ आहे, रंगाचं एक जनुक वेगळं. त्याला जंगलात सोडायचा काही प्लॅन नाही, त्याने वाघांची संख्या वाढत नाही, तरी कात्रजला सगळ्यात जास्त मोबाईल त्याच्यापुढेच वर होतात. आपल्याला रंग आवडला म्हणून बापाला लेकीशी जुळवायचं आणि वर त्याला संवर्धन म्हणायचं, याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

संवर्धन होतच नाही असं नाही हां. घडियाल मगरी १९७५ च्या सुमारास जवळपास संपल्या होत्या, अंडी गोळा करून पिल्लं वाढवून नद्यांत सोडली म्हणून आज आहेत. आसाममधलं पिग्मी हॉग नावाचं बुटकं रानडुक्कर १९९६ पासून केंद्रात वाढवतात आणि २००८ पासून गवताळ रानात सोडतात. गिधाडं तर आपल्या डोळ्यांदेखत गेली, जनावरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे, २००६ मध्ये त्यावर बंदी आली पण तोपर्यंत खेळ आटोपला होता, मग हरियाणात पिंजोरला बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने) वाढवलेली गिधाडं २०२४ साली आपल्या ताडोबा आणि पेंचला आणली. पण यातल्या कुठल्या कामाला तिकीट खिडकी लागली सांगा? भेळेचे कागद फेकणारी गर्दी लागली? हे सगळं लोकांच्या नजरेआड, शांतपणे झालं, कारण ज्याला जंगलात परत जायचंय त्याला माणसाची सवय लागता कामा नये. त्यामुळे गिधाडांचं नाव पुढे करून झेब्रा आणू नका एवढंच म्हणणं आहे.

झेब्र्यावरून मुंबईचे पेंग्विन आठवले. २०१६ मध्ये सोलहून आठ हंबोल्ट पेंग्विन राणीच्या बागेत आणले, त्यातला एक दोनतीन महिन्यांतच गेला, बाकीचे एसीत राहतात. त्यांना बघायला रांगा लागतात हे खरं आहे. पण कोंडलेल्या जनावराचं काय होतं याचा अभ्यास झालाय, २००३ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी नेचरमध्ये छापलं होतं की जंगलात ज्या मांसाहारी प्राण्याचा वावर जितका लांबवर, तितक्या त्याच्या पिंजऱ्यातल्या येरझाऱ्या जास्त आणि पिल्लं दगावण्याचं प्रमाणही जास्त. पांढऱ्या अस्वलाला तर झूमध्ये त्याच्या मूळ वावराच्या दहा लाखाव्या भागाएवढी जागा मिळते. येरझाऱ्या म्हणजे तेच, कुंपणाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, त्याच पावलांवर पाऊल, आणि आपण पोराला सांगतो बघ कसा मस्त फिरतोय.

इतिहास म्हणाल तर पुण्याला हा नाद जुनाच. पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. मग १९५३ ला महापालिकेने पेशवे पार्क काढलं, १९५६ ला फुलराणी ही छोटी आगगाडी आली, आमच्या पिढीने वाघ पहिल्यांदा तिथल्या गजाआडच पाहिला, इतक्या जवळून की वास यायचा. १९९९ ला प्राणी कात्रजला गेले, १३० एकरांत, मध्ये तलाव, गजांच्या जागी खंदक, झाडी. हे नक्कीच सुधारलं, नाही म्हणणारी मी कोण. आणि कात्रजच्या सर्पोद्यानाचं तर कौतुकच आहे. ज्यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले ते नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ ला ते उभं केलं, आणि आज पुण्यात घरात साप निघाला की लोक काठीऐवजी सर्पमित्राचा नंबर शोधतात यात त्याचा वाटा मोठा आहे. झूमधून शिक्षण होतं असं कोणी म्हणालं की मला हे एक उदाहरण चटकन आठवतं. दुसरं आठवायला वेळ लागतो.

बाकी शिक्षण काय होतं ते रविवारी जाऊन बघा. "ए उठ ना", "झोपलाय वाटतं, पैसे वाया", शिट्ट्या, रील. बुधवारी झू बंद असतो, आठवड्यातला तेवढा एक दिवस बिचाऱ्यांना कोणी हाका मारत नाही. मार्च २०२४ मध्ये बिबट्या पिंजऱ्यातून निसटला तेव्हा दीडदोन दिवस अख्ख्या पुण्याला मीम करायला विषय मिळाला, दक्षिण पुण्यात घबराट, न्यूजवाल्यांची धावपळ, आणि तो सापडला कुठे तर झूच्याच आवारात. कर्नाटकातून हंपीहून आणलेला होता तो. का आणला होता, तिथे त्याचं काय झालं होतं, हे त्या दोन दिवसांत कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

हत्तीच्या बाबतीत सरकारनेच २००९ मध्ये मान्य केलं की त्याला झूमध्ये आणि सर्कशीत ठेवू नये, त्याआधी १९९८ मध्ये वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांचे सर्कशीतले खेळ बंद केले. म्हणजे काही प्राण्यांना काही जागा चालतच नाहीत हे तत्त्व आपल्याकडे आहे, अंमलबजावणीची बोंब. दिल्लीच्या झूमधला शंकर नावाचा आफ्रिकन हत्ती १९९८ ला झिम्बाब्वेहून भेट म्हणून आला, जोडीदारीण काही वर्षांत गेली, आणि हत्ती कळपाचा प्राणी असून तो पुढची बरीच वर्षं एकटा राहून सप्टेंबर २०२५ मध्ये मेला. कोल्हापूरकडच्या नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला वनताराला नेण्यावरून त्याच वर्षी केवढं आंदोलन झालं. लोकांचं प्रेम खोटं होतं असं मी अजिबात म्हणणार नाही, लोक ढसाढसा रडत होते, पण हायकोर्टाने हत्तिणीचं चांगलं जगणं हे तिच्या धार्मिक वापराच्या वर ठेवलं ते मला पटलं. आपलं प्रेम आणि तिचं बरं या दोन गोष्टी दरवेळी एक नसतात.

आणि एकदा कोंडलं की चारा, पाणी, लसीकरण, शेजारच्या गोठ्यातले रोग, सगळं आपल्या माथी. जुलै २०२५ मध्ये कात्रजची पंधरासोळा चितळं आठवड्याभरात मेली, लाळ्या-खुरकूत निघाली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. मी इथे कोणाचा निष्काळजीपणा म्हणत नाही, मला त्यातलं काय कळतं, पण चितळं पटापट वाढतात, मर्यादित जागेत कळप दाटत जातो, तिथे साथ शिरली तर पळून जाणार कुठे. मग जी आहेत ती नीट सांभाळून होईपर्यंत नवीन कशाला?

झू बंद का नको याचंही सांगते, नाहीतर परत ग्रुपवरचा वाद. सुपे इथल्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसतात, कडबनवाडीच्या माळावर वनखात्याने सफारी सुरू केलीये, तिथे लांडगा दिसू शकतो, भीमाशंकरला शेकरू आहे, भिगवणला फ्लेमिंगो. पण स्वतःची गाडी, पेट्रोल, पहाटेची वेळ, आणि ताडोब्याच्या जिप्सीचा खर्च तर विचारूच नका. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलं पीएमटीने कात्रजला जातात, तेवढंच त्यांना परवडतं. त्यांना बिबट्या बघायला मिळायलाच हवा, फक्त तो जुन्नरचा असावा, आणि पाटीवर लिहिलेलं असावं की हा अमुक साली अमुक गावच्या उसात पकडला, याचा मागचा पाय गाडीखाली गेला, म्हणून हा इथे आहे आणि मरेपर्यंत इथेच राहील. ते वाचून त्या मुलांना उसातला बिबट्या जेवढा समजेल तेवढा गर्भकाळ वाचून समजणार नाही. त्याला मागे लपायला जागा द्यावी, आज दिसला नाही तर नाही दिसला, तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणायची सवय पुणेकरांनी सोडावी (अवघड आहे, माहितीये).

पांढऱ्या वाघांची पैदास थांबवावी, आहेत त्यांना सुखाने म्हातारं होऊ द्यावं. परदेशी प्राणी आणायचे प्रस्ताव गुंडाळून ती जागा आणि तो पैसा माणिकडोहच्या बिबट्यांसाठी वळवता येतो का, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची परवानगी वगैरे जे काय लागत असेल ते बघून, हे महापालिकेने आणि वनखात्याने एकत्र बसून ठरवावं. दोन्ही ऑफिसं पुण्यातच आहेत.

आणि तुमच्याकडे एक विनंती. पुढच्या वेळी नवीन पाहुणा येणार अशी बातमी आली की तुमच्या वार्ताहराने तो कुठून येतोय, त्याच्या बदल्यात आपण कोणता प्राणी कुठे पाठवतोय आणि त्याला इथे आणायची गरज नेमकी कोणाला आहे, एवढं विचारावं आणि उत्तर आलं नाही तर तेही छापावं.

आपली,
एक वाचक, धनकवडी, पुणे