बाबा, मी कुणाच्या बाजूने उभी राहते

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "डोंगर पोखरणाऱ्या कंपनीचं काम तू घेतलंसच कसं?" दुसऱ्या दिवशी सकाळी सुनावणी होती, म्हणून मी "नंतर बोलू" म्हणाले. पण बाबांचा आवाज कानातून जाईना. गावात खाणीच्या जनसुनावणीची नोटीस लागलेली असताना आपली लेक विलायतेत खाणवाल्यांची बाजू मांडते, हे तुम्हांला लागणारच. सविस्तर उत्तर द्यायला हवं, म्हणून कागद घेतला.

आधी आईची उत्तरं, कारण ती थोडक्यात होतील. वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या समारंभाच्या व्हिडिओत दिसला तो लांब विग आणि रेशमी झगा त्या दिवसापुरता. किंग्ज कौन्सेल, म्हणजे निवडक बॅरिस्टरांना मिळणारा ज्येष्ठ वकिलाचा मान, मिळाला की इथे "सिल्क घेतलं" म्हणतात, ते या झग्यावरून. जाहीर चौकशीला आम्ही सगळे साध्या कोटात असतो. आता कामं संख्येने कमी येतात, पण एकेक काम जड असतं, आणि हाताशी एक ज्युनियर असतो. जेवण वेळेवर होतं, काळजी करू नकोस.

बाबा, तुमची नोकरी भूमी अभिलेखात गेली. जमीन कुणाची आणि हद्द कुठे, हे तुम्ही साखळी टाकून ठरवलंत. इथे माझं काम त्याच्या पुढच्या प्रश्नाशी आहे: त्या जमिनीवर काय करू द्यायचं? १९४७ साली इंग्लंडात नगररचनेचा मोठा कायदा झाला आणि १ जुलै १९४८ पासून लागू झाला. तेव्हापासून जमीन स्वतःच्या मालकीची असली तरी तिच्यावर इमारत, कारखाना, खाण काढायला परवानगी लागते. परवानगी देते स्थानिक कौन्सिल. तिने विकास आराखड्याला धरून निर्णय द्यायचा, आणि आराखडा सोडून जायचं तर त्याला तसंच वजनदार कारण हवं. कौन्सिलने नाकारलं तर अर्जदार अपील करतो, आणि प्रकरण मोठं असेल तर प्लॅनिंग इन्स्पेक्टर, म्हणजे सरकारने नेमलेला निर्णय अधिकारी, याच्यासमोर जाहीर चौकशी होते.

ही चौकशी तुम्ही एकदा पाहायला हवी होती. टाउन हॉलमध्ये नाहीतर एखाद्या गावच्या सभागृहात टेबलं मांडतात. मागे खुर्च्यांवर गावकरी बसलेले असतात, कुणी विणकाम घेऊन येतं, कुणी डबा. आवाज, धूळ, वाहतूक, वटवाघळं, जुनी चर्चं, भूजल, अशा एकेका विषयाचा तज्ज्ञ लेखी साक्ष देतो आणि समोरचा बॅरिस्टर त्याची उलटतपासणी घेतो. माझं बरंचसं आयुष्य त्या उलटतपासणीच्या तयारीत गेलंय. ट्रकची मोजणी कुठल्या महिन्यात केली? शाळा सुरू होत्या की सुट्टी होती? आवाजाचं यंत्र घराच्या कुठल्या बाजूला ठेवलं होतं? तज्ज्ञाने काढलेला फोटो कुठे उभं राहून काढला, आणि चार पावलं डावीकडे सरकलं असतं तर दरी दिसली असती का? नकाशा उलगडला की मी अजून आधी उत्तर दिशा आणि प्रमाण पाहते. ते तुम्ही लावलेलं वळण.

गावकऱ्यांच्या संघटनेला तिथे पूर्ण पक्षकार होता येतं. तिला सगळी कागदपत्रं मिळतात, तिच्या वतीने उलटतपासणी घेता येते, शेवटचा युक्तिवाद करता येतो. मग इन्स्पेक्टर सगळ्यांना घेऊन जागेवर जातो. तिथे कुणी युक्तिवाद करायचा नाही, फक्त बोट दाखवायचं. शेवटी येणाऱ्या निर्णयात कारणं लिहिलेली असावी लागतात. कारणांत कायद्याची चूक सापडली तर सहा आठवड्यांच्या आत कोर्टात जावं लागतं.

आता तुमचा प्रश्न. इथल्या बॅरिस्टरांना एक जुना नियम आहे. रिक्षा स्टँडवर पहिल्या रिक्षाने पुढे आलेलं भाडं घ्यायचं, तोंड बघून नाही म्हणायचं नाही, तसंच आमचं. काम माझ्या विषयातलं असेल, मला वेळ असेल, फी रीतसर असेल, तर पक्षकार आवडत नाही म्हणून मला ते नाकारता येत नाही. १७९२ मध्ये थॉमस एर्स्किन हे बॅरिस्टर राजेशाहीवर टीका करणारा लेखक थॉमस पेन याच्या बचावाला उभे राहिले. पेनवर राजद्रोहाचा आरोप होता. एर्स्किन युवराजांचे अॅटर्नी जनरल होते, ते पद या एका खटल्यापायी गेलं. वकिलाने आवडीनिवडीने माणसं निवडायला सुरुवात केली तर न्यायाधीशाच्या आधी वकीलच निकाल देईल, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. आज मी कंपनीला नको म्हटलं, तर उद्या सरकारच्या मर्जीतला एखादा नामवंत वकील डोंगराखालच्या गावाला नको म्हणेल. मी दोन्हींकडून उभी राहिले आहे. कंपनीकडून उभं राहिल्यामुळे तिचे अहवाल कसे तयार होतात, कुठे घाईने शिवलेले असतात, ते मला आतून कळलं. पुढे गावांसाठी लढताना ते कामी आलं.

नियम आहे म्हणून मनाला काही लागत नाही, असं मात्र नाही बाबा. समोर एखादी म्हातारी बाई उभी राहून आपल्या विहिरीबद्दल सांगते आणि मला तिला प्रश्न विचारावे लागतात. मी तिला कधी खोटं ठरवायला गेले नाही. पाण्याच्या तज्ज्ञाला घाम फोडणं वेगळं आणि तिला गप्प करणं वेगळं, आणि ही रेघ मी पाळत आले.

आणि गावातल्या माणसांचं काहीच चालत नाही, असं समजू नका. सरे परगण्यात हॉर्ली गावाजवळ हॉर्स हिल नावाची तेलविहिरींची जागा आहे. कौन्सिलने २०१९ साली तिथे परवानगी दिली. पर्यावरण अहवालात फक्त उपशाच्या जागेवरचा धूर मोजला होता, ते तेल पुढे जळल्यावर निघणारा कार्बन मोजलाच नव्हता. सारा फिंच या स्थानिक बाई कोर्टात गेल्या. उच्च न्यायालयात हरल्या, अपील न्यायालयात हरल्या. शेवटी २० जून २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला: तेल काढलं की ते जळणार हे उघड आहे, तेव्हा तो धूरही मोजायला हवा. मी त्या खटल्यात नव्हते, पण निकाल लागला त्या दिवशी सगळी पानं एका बैठकीत वाचली. तीन महिन्यांत, सप्टेंबर २०२४ मध्ये, व्हाइटहेवनच्या कोळसा खाणीची परवानगी उच्च न्यायालयाने रद्द केली, तीही याच तत्त्वावर. सामान्य माणूस इतकं लढू शकतो त्यामागे आणखी एक गोष्ट आहे. पर्यावरणाच्या अशा दाव्यात हरलं तरी समोरच्याचा खर्च म्हणून एकट्या माणसाला साधारणपणे पाच हजार पौंडांपेक्षा जास्त भरावे लागत नाहीत. ही मर्यादा नसती तर घर गहाण टाकायची वेळ आली असती.

इथे सगळं उत्तम आहे असंही नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या पाचव्या टर्मिनलची चौकशी १९९५ ते १९९९ अशी ५२४ दिवस बसली. त्याचा धसका घेऊन २००८ मध्ये मोठ्या प्रकल्पांसाठी वेगळा कायदा केला. त्यात जवळजवळ सगळं कागदावर चालतं, उलटतपासणीला फार थोडी जागा उरली. वेळ वाचला हे खरं. पण समोरासमोर विचारलेल्या प्रश्नाने जे बाहेर येतं ते कागदावरच्या उत्तराने येत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्या बदलाचं मला अजून वाईट वाटतं.

बाबा, तुम्ही बॅरिस्टर नाथ पैंच्या सभांना चालत जायचात, आणि मी इथे आले तेव्हा स्टेशनवर सगळ्यांना त्यांचंच नाव घेऊन सांगत होतात. तुमच्या डोळ्यांसमोर बॅरिस्टर म्हणजे लोकांच्या बाजूने बोलणारा माणूस. मला ते ओझं वाटलं नाही कधी. तुम्ही नाराज झालात ते त्याच अपेक्षेपोटी, हे मला कळतं.

आता आपल्या गावाचं. सनद न घेताच मी पुण्याहून इकडे आले, त्यामुळे तिथे मला वकील म्हणून उभं राहता येणार नाही. पण काही गोष्टी सांगते, त्या मंडळींना सांगा. २००६ च्या केंद्राच्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी हवी, आणि कंपनीच्या पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत जाऊन पूर्ण अहवाल मागा, नुसत्या सारांशावर थांबू नका. हरकती लेखी द्या आणि पोच घ्या. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. तोवर कुणीही घरी जाऊ नये, आणि आपलं म्हणणं सुटलं असेल तर तिथल्या तिथे उठून सांगावं. नुसता "विरोध, विरोध" नोंदवला तर तो एका ओळीत जातो. कुठल्या गटातली कुठली विहीर कुठल्या महिन्यात आटते, असं लिहिलं तर त्याला उत्तर द्यावंच लागतं.

आणि हे तुमच्याइतकं कुणाला जमणार नाही. वरच्या सड्यापासून खालच्या बागांपर्यंतचे झरे, व्हाळ, विहिरी तुम्हांला गटनंबरासह माहीत आहेत. गुडघे दुखत असतील तर शेजारच्या पोरांना घेऊन जा, चढ एकट्याने चढू नका. कंपनीच्या अहवालातला नकाशा आणि तुमचा नकाशा एकाच प्रमाणात काढा आणि दोन्हींचे फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवा. रविवारी दुपारी तुमच्या वेळेने चार वाजता मी फोन करते, तेव्हा अहवालाचं भूजलाचं प्रकरण हाताशी ठेवा.

तुमची,
थोरली